उतारवयातला मानसिक आघात : योग कसा करायचा, सोबत कशी द्यायची

आघातातून गेलेल्या वयस्कर माणसाला घरचे आणि ओळखीचे दोन सल्ले हमखास देतात. एक, 'झालं गेलं विसरा'. दोन, 'जरा योगा करत जा, मन शांत होईल'. पहिल्याचा काडीचा उपयोग नाही. दुसऱ्याचा आहे, पण योग कसा करवून घेतला जातो यावर सगळं अवलंबून. डोळे मिटून पाठीवर निपचित पडणं, श्वास रोखून धरणं, शिक्षकाने मागून येऊन खांदे सरळ करणं, या एरवीच्या वर्गातल्या साध्यासुध्या गोष्टी. पण त्याच एखाद्याला थेट त्या जुन्या प्रसंगात नेऊन टाकतात. ज्याने हल्ला सोसलाय, जो ढिगाऱ्याखालून निघालाय किंवा ज्याने आयसीयूत नळ्या लावून दिवस काढलेत, त्याला 'आता शरीर सैल सोडा' हे ऐकून धीर येईलच असं नाही.

आघाताच्या क्षणी माणसाच्या हातात काही उरलेलं नसतं. म्हणून नंतरच्या सरावात आणि सोबतीत काय करायचं, काय नाही, कुठे थांबायचं, हे त्याचं त्यानेच ठरवायला हवं. माझ्या मते योगाचा इथला खरा उपयोग हाच. अंग मोकळं झालं, पचन सुधारलं, तर तो वरचा फायदा.

त्रास ओळखताना

सत्तरीपुढची माणसं 'मला भीती वाटते' असं सहसा म्हणत नाहीत. 'छातीत धडधडतं', 'पोट ठीक नाही', 'झोप लागत नाही', 'बाहेर जायला नको वाटतं' असं म्हणतात. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार, हे निदान अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत आलं ते १९८० साली. म्हणजे आज जे ऐंशीच्या घरात आहेत, त्यांची तरुणपणाची वर्षं 'घाबरट स्वभाव' आणि 'तापट डोकं' हे शेरे ऐकण्यात गेली.

लक्षणं साधारण अशी : नको असताना प्रसंग डोळ्यांपुढे येणं, वाईट स्वप्नं पडणं. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, बातम्या टाळणं. मन बधिर होणं, स्वतःला दोष देत राहणं. सतत सावध असणं, लहानशा आवाजाने दचकणं, चिडचिड. घटनेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. त्या काळात माणसाला समोर बसवून 'सगळं सांगून टाक, मोकळा हो' असा आग्रह करू नये. अशा एका बैठकीत सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीचा फायदा होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्रास महिन्याहून जास्त टिकला आणि रोजच्या व्यवहारात आड येऊ लागला, तर मात्र तज्ज्ञाकडे जायचं.

कधी कधी चाळीस-पन्नास वर्षं गप्प असलेली गोष्ट उतारवयात डोकं वर काढते. युद्धावर जाऊन आलेल्या वृद्ध सैनिकांमध्ये हे विशेष अभ्यासलं गेलं आहे. नोकरी सुटते, जोडीदार जातो, आजारपण येतं, मुलं लांब असतात, आणि ज्या कामाच्या रेट्याखाली आठवण दबलेली होती तो रेटाच निघून जातो. यात 'म्हातारपणी कमकुवत झाला' असं काही नसतं. ताजे आघातही असतात : हृदयविकाराचा झटका, आयसीयूतला मुक्काम, जोरात पडणं, अपघात, आयुष्यभराची पुंजी फसवणुकीत जाणं. आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे घरातल्याच कोणाकडून होणारी मारहाण किंवा छळ. त्रास देणारा माणूस अजून त्याच घरात असेल, तर योग ही पहिली पायरी नाही. आधी सुरक्षित जागा, विश्वासातलं एक माणूस आणि कायद्याची मदत.

आधी डॉक्टर, मग आसन

ही पायरी रटाळ आहे, पण वगळू नका. उतारवयात सगळंच आघाताच्या खात्यावर टाकणं धोक्याचं असतं. छातीत दुखणं, जबडा किंवा हात भरून येणं, दरदरून घाम, दम लागणं हे आधी हृदयाचं समजायचं आणि तातडीने दवाखाना गाठायचा. 'पॅनिक असेल' म्हणत श्वसनाचे प्रकार करत बसायचं नाही. एक-दोन दिवसांतच माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर संसर्ग, औषधांचा दुष्परिणाम, रक्तातलं सोडियम उतरणं अशी कारणं असू शकतात. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं, शेजारी झोपलेल्याला ठोसा बसणं हे नेहमीचं झालं असेल, तर ते निव्वळ वाईट स्वप्न नसून झोपेचा वेगळा विकार असू शकतो. न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. ऐकू कमी येतं का, दिसायला कमी झालंय का, हेही तपासून घ्या. मागून आलेलं माणूस दिसलंच नाही की दचकणं वाढतंच.

सरावाआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारायच्या गोष्टी : रक्तदाब किती असतो आणि उभं राहिल्यावर उतरतो का, काचबिंदू आहे का, हाडं ठिसूळ झाली आहेत का, खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललाय का, चक्कर येते का. या उत्तरांवर पुढचं ठरतं.

काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही नको, डोळ्यातला दाब वाढतो. पुढे वाकणंसुद्धा त्यात आलं. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून वाकणं आणि कंबरेतून जोरात पिळणं बंद, कारण अशा वाकण्याने मणका दबून मोडू शकतो. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर मांडी पोटाकडे किती आणायची आणि पाय दुमडायचे की नाही, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनाच विचारा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखणं, कपालभाती, भस्त्रिका काहीही नको. खरं सांगायचं तर आघाताचा त्रास असलेल्या कोणालाच मी सुरुवातीला कपालभाती-भस्त्रिका देणार नाही, रक्तदाब कितीही चांगला असो. जोरजोरात श्वास घेतला की छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि शरीराला वाटतं की संकट परत आलं.

जागा, खुर्ची, वेळ

हात नसलेली किंवा रुंद हातांची, चाकं नसलेली, भक्कम खुर्ची. तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. म्हणजे ती सरकत नाही आणि मागून कोणी येणारही नाही. तोंड दाराकडे, दार बसणाऱ्याला हवं तसं उघडं किंवा बंद. उजेड भरपूर. तळवे जमिनीला पूर्ण टेकत नसतील तर खाली जाड पुस्तक किंवा घट्ट घडी घातलेली चादर. संथ संगीत लावायचा मोह टाळा, कोणता सूर कोणाला काय आठवून देईल सांगता येत नाही. वेळ शक्यतो सकाळची, पोट फार भरलेलं नसताना, रोज तीच. सुरुवातीला पाच मिनिटं पुष्कळ झाली.

प्रत्यक्ष सराव

पहिल्या आठवड्यात फक्त पाय आणि हात. खुर्चीवर थोडं पुढे सरकून बसा. डोळे उघडे, नजर समोरच्या एखाद्या वस्तूवर. दोन्ही तळवे जमिनीवर दाबा आणि सोडा. आधी टाचा, मग चवडे, मग बोटं. दाबताना मांडीचा स्नायू घट्ट होतो तो जाणवतो का ते बघा. जाणवला नाही तरी बिघडलं नाही. आघातानंतर शरीराचा एखादा भाग 'नसल्यासारखा' वाटणं नवीन नाही. दाबणं आपण सुरू केलं, आपणच थांबवलं, एवढंच टिपायचं. मग तळहात मांडीवर ठेवून तसंच दाबा, सोडा. मुठी आवळा, उघडा. संपलं.

दुसऱ्या आठवड्यापासून खांदे. श्वास घेताना कानांकडे उचला, सोडताना खाली येऊ द्या, चार-पाच वेळा. मग हात खांद्याच्या उंचीपर्यंत पुढे किंवा बाजूला. हात डोक्यावर नेणं अनेकांना नकोसं वाटतं, कारण छाती आणि पोट उघडं पडतं. नको वाटलं तर नको. मान वर्तुळात फिरवू नका, चक्कर येते. डावीकडे सावकाश बघा, मधे या, उजवीकडे बघा. खोलीत काय काय आहे ते खरोखर पाहा : खिडकी, घड्याळ, दार. मान मोकळी करायचा हा प्रकार, पण आपण आत्ता कुठे आहोत आणि इथे धोका नाही, हेही डोक्याला त्यातूनच कळतं.

श्वास तिसऱ्या आठवड्यात आणा, आधी नाही. बरेच जण श्वासापासूनच सुरुवात करतात, आणि तिथेच माणूस बिथरतो. ज्याचा गळा आवळला गेलाय किंवा ज्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं, त्याला श्वासाकडे लक्ष देणं हीच शिक्षा असते. करायचं इतकंच : नाकाने सहज श्वास घ्या, मनात तीनपर्यंत मोजा, आणि पाचपर्यंत मोजत सोडा. मधे रोखायचं नाही. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा जोर तेव्हा वाढतो. दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर ओठांचा चंबू करून सोडा. मोजणं जाचक वाटत असेल तर सोडताना हलकेच 'म्' असा आवाज करा. भ्रामरीचाच हा साधा प्रकार, पण कान-डोळे बोटांनी झाकायचे नाहीत. श्वासच नको असेल, तर पुन्हा तळवे दाबा.

ज्यांना उभं राहता येतं त्यांनी चौथ्या-पाचव्या आठवड्यात खुर्चीच्या मागे उभं राहून, दोन्ही हातांनी तिची पाठ धरून ताडासनासारखं उभं राहावं. आता खुर्चीची बैठक भिंतीला लागलेली असू द्या. एका पायावरून दुसऱ्यावर भार न्यायचा, टाचा जराशा उचलायच्या. बसल्यावरून उठताना मधे क्षणभर थांबा, डोकं गरगरतंय का बघा. पडण्याची धास्ती बसलेल्या माणसाला या दोन हालचाली कित्येक आसनांपेक्षा जास्त देतात.

शेवट शवासनाने करायलाच हवा असा कुठे नियम नाही. पाठ टेकून बसा, डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघा, हवं तर अंगावर जडशी चादर घ्या. आडवं व्हावंसं वाटलं तर कुशीवर, पाठ भिंतीकडे करून. लांबलचक योगनिद्रा पहिल्या काही महिन्यांत नकोच. शरीर पूर्ण सैल पडलं की काहींची धडधड उलट वाढते. पहारा सोडल्यासारखं वाटतं.

माझ्या वर्गात एक आजी दाराजवळची खुर्ची पकडून बसायच्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. बाकीचे हात उचलायचे, त्या फक्त पाय दाबायच्या. त्यांना कोणी काही म्हटलं नाही. एके दिवशी मी श्वासाकडे वळले तर त्या मोठ्याने म्हणाल्या, "मला आज श्वास नको. मी खांदेच करणार." आणि पर्स खाली ठेवून त्यांनी खांदे उचलले. त्या वर्गात मला याहून मोठी सुधारणा दिसलेली नाही.

शिक्षक निवडताना म्हणूनच त्याची भाषा ऐका. 'हात वर! आणखी वर! सोडू नका!' म्हणणारा माणूस चांगला कवायतमास्तर असेल, पण तुमच्या कामाचा नाही. 'वाटलं तर हात खांद्यापर्यंत न्या, नाहीतर मांडीवर राहू द्या' म्हणणारा हवा. अंगाला हात लावून आसन सुधारता का, हे आधीच विचारा. लावत असतील तर 'मला नको' म्हणून ठेवा, कारण सांगायची गरज नाही. आघात लक्षात घेऊन योग शिकवण्याची अशी पद्धत अमेरिकेत डेव्हिड इमर्सन यांनी बांधली. दीर्घकाळ पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रियांवरचा तिचा १० आठवड्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटी योग करणाऱ्यांपैकी ५२ टक्के आणि आरोग्यमाहितीच्या वर्गाला बसलेल्यांपैकी २१ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या व्याख्येत बसेनाशा झाल्या. आकडा चांगला आहे, पण हुरळून जाऊ नका. त्यात साठीपुढचं कोणी नव्हतं, आणि योग हा मूळ उपचारांच्या जोडीला होता, उपचारांऐवजी नव्हे.

मधेच उसळी आली तर

सरावात अचानक घाम फुटला, हात कापू लागले, प्रसंग समोर दिसू लागला, तर सराव तिथेच थांबवा. 'पूर्ण करून टाकू' नको. डोळे मिटलेले असतील तर उघडा. तळवे जमिनीवर दाबा, खुर्चीची कड घट्ट धरा. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, ऐकू येणारे तीन आवाज सांगा. आजचा वार, आपलं आत्ताचं वय, आपण कुठे बसलोय ते बोला. गार पाण्याचा पेला हातात धरा. शेजारी कोणी असेल तर त्याने अंगाला हात लावू नये, समोरून, नावाने आणि सावकाश बोलावं : "मी आहे इथे. हात धरू का?" उत्तर 'नको' आलं तर नुसतं बसावं.

हे आठवड्यातून अनेकदा होऊ लागलं, किंवा माणूस मधेच शून्यात हरवू लागला, तर सराव बंद ठेवून तज्ज्ञाला गाठा.

रात्री

पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा ठेवा. दचकून उठून अंधारात चालायला लागणं आणि पडणं, हा साठीपुढचा खरा धोका. उशाशी चष्मा, पाणी, घड्याळ. जाग आली की आधी पलंगावर बसून तळवे जमिनीला लावा, खोलीत नजर फिरवा, मगच उठा. एकच वाईट स्वप्न परत परत पडत असेल तर दिवसा, उजेडात, त्याचा शेवट बदलून कागदावर लिहायचा आणि रोज काही मिनिटं तो नवा शेवट मनात घोळवायचा. ही पद्धत समुपदेशकाच्या मदतीने केलेली बरी. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका. ती लवकर झोपवते आणि पहाटे उठवते.

सोबत : घरच्यांसाठी

आघातानंतर कोणाला पीटीएसडी होईल हे ज्या गोष्टींवरून सांगता येतं, त्यांत नंतर मिळालेला आधार फार वरच्या क्रमांकावर आहे. पण आधार देण्याच्या नादात घरचे जे करतात त्याने कधी कधी उलटंच होतं. फोन लपवला जातो, पैशांचे व्यवहार परस्पर होतात, बाहेर जाणं बंद होतं. 'तुम्ही फक्त आराम करा.' ज्याच्या हातातून सगळं सुटलं होतं, त्याच्या हातात जे थोडं राहिलं तेही आपण काढून घेतो.

रोज छोटे निर्णय त्यांच्याकडे ठेवा. "बाबा, दार उघडं ठेवू की लोटू?" "आई, डॉक्टरांकडे मी आत येऊ की बाहेर थांबू?" हे नुसतं सौजन्य नाही, उपचाराचाच भाग आहे. खोलीत शिरताना आवाज द्या. मागून खांद्यावर हात ठेवू नका. एखादी गोष्ट दहाव्यांदा सांगत असतील तर 'हे सांगून झालंय' म्हणू नका, आणि सांगत नसतील तर खोदू नका. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती जुना प्रसंग आत्ता घडतोय असं समजून ओरडत असेल, तर 'असं काही नाहीये' हा वाद व्यर्थ. "तुम्हाला भीती वाटतेय ना? मी इथेच बसते" एवढं म्हणा आणि उजेड करा.

ज्याला त्रास आहे त्याने स्वतः एकच माणूस निवडावं, मुलगाच असावा असं नाही, जुनी मैत्रीणही चालेल. काय घडलं याचा तपशील सांगायची गरज नाही. "मला कधी कधी त्रास होतो. तेव्हा फोन केला तर माझ्याशी इकडचं तिकडचं बोलशील का?" एवढं पुरे. समदुःखी माणसांचा गट मिळाला तर उत्तम, पण पहिल्या दिवशी बोलायची सक्ती असेल तर तो गट सोडा. आणि सोबत करणाऱ्याने आठवड्यातून काही तास स्वतःसाठी ठेवायलाच हवेत. थकलेला माणूस खेकसतो.

थेरपी आणि औषधं

'या वयात आता थेरपी काय कामाची' हे धादांत खोटं आहे. आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवून घेत आठवणीवर काम करायची पद्धत) हे सर्वांत भक्कम पुरावा असलेले उपचार आहेत, आणि वय वाढलं म्हणून ते बाद होत नाहीत. फक्त ऐकू येणं, स्मरणशक्ती, हृदयाची अवस्था यांप्रमाणे गती बदलावी लागते. औषधांत सर्ट्रालीनसारख्या गोळ्या वापरल्या जातात. वयस्करांमध्ये त्यांनी सोडियम उतरू शकतं, म्हणून रक्ततपासणीबद्दल विचारा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या शामक गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं, पण उतारवयात त्या तोल, स्मरण आणि हाडं मोडण्याच्या दृष्टीने वाईट, शिवाय पीटीएसडीवर त्या उपचार नाहीत. मात्र आधीपासून चालू असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.

'आता जगून काय करायचं', 'मी सगळ्यांना ओझं झालोय' असं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, गोळ्या साठवणं, जेवण-औषध सोडणं दिसलं, तर थेट विचारा : "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने कल्पना सुचत नाही. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका, गोळ्या हलवा आणि त्याच दिवशी आपल्या भागातली मानसिक आरोग्य हेल्पलाइन किंवा रुग्णालय गाठा.

पुढचे महिने

वहीत रोज एक ओळ पुरे : झोप कशी, दचकलो का, काय केलं, काय नको म्हटलं. ही वही पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. महिनाभर बरं जातं आणि घटनेची तारीख, त्याच ऋतूतला पाऊस किंवा टीव्हीवरची तशीच बातमी सगळं ढवळून काढते. अशा तारखा आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. त्या आठवड्यात डॉक्टरांकडच्या अवघड तपासण्या किंवा लांबचा प्रवास ठेवू नका, बातम्या कमी बघा, निवडलेल्या माणसाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. त्या दिवशी सराव करावासा वाटला तर पहिल्या आठवड्याचा करा, तळवे आणि हात. नाही वाटला तर राहू द्या, आणि वहीत तसं लिहा.